मर्विनच्या फोल्डरातला आशीर्वाद

उन्नतीने हेडफोन काढले, ओढणीच्या टोकाने त्यांच्या गाद्या पुसल्या आणि ते टेबलावरून क्रिस्टीनाकडे सरकवले. आवाज वडिलांचाच आहे ना एवढं आधी बघा, म्हणाली, आणि मग ते हे कुणासाठी बोललेत तेवढं सांगा.

क्रिस्टीनाने हेडफोन लावले. आधी पंख्याची घरघर आली, मागे कुठेतरी कोंबड्यांचा गलका, आणि मग थॉमसचा आवाज. फ्लॉसी, चहा झाला का? थोडं थांबून तेच पुन्हा, जरा चिडून. मग तिसऱ्यांदा, चांगलं लाडात येऊन. क्रिस्टीनाला हसू फुटलं आणि हसता हसता तिने तोंडावर हात धरला. तिच्या वडिलांचा आवाज आता फक्त टेबलावरच्या त्या पुसल्या गेलेल्या डिस्कवर उरला होता, आणि तोही गेला असंच घरात सगळे धरून चालले होते.

"हे मम्मीचं," ती म्हणाली.

उन्नतीने मान हलवली आणि पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांपैकी एकीला 'फ्लॉसी' असं नाव दिलं.

वसईच्या अंबाडी रोडवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उन्नतीचं हे ऑफिस होतं. बिघडलेल्या, पुसल्या गेलेल्या, पाण्यात पडलेल्या डिस्कांमधून जे निघेल ते काढून द्यायचं, हा तिचा धंदा. एरवी गिऱ्हाईक डिस्क ठेवून जातं आणि काम झालं की घेऊन जातं. क्रिस्टीनाला मात्र तिने सकाळपासून समोर बसवून घेतलं होतं, कारण या डिस्कवरच्या फोल्डरांची नावंच नाहीशी झाली होती आणि कुणाचं काय ते घरच्या माणसाशिवाय कोण सांगणार?

वटार गावात थॉमसच्या आवाजाला मान होता. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी उभा जन्म चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला वाचन केलं. गावातला कुठलाही कार्यक्रम त्यांच्या दोन शब्दांवाचून सुरू झाला नाही. पुढे घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं, तेव्हा थॉमसनी हातपाय गाळले नाहीत. ऑपरेशनच्या आधी ते मागच्या खोलीत माइक घेऊन बसू लागले. चर्चची वाचनं, वाडीतल्या केळीची निगा, बायकोसाठी रोजची वाक्यं, मुलांसाठी जे काही सांगायचं ते, असं सगळं त्यांनी बोलून ठेवलं आणि प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर केला. ऑपरेशननंतर गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, ते त्यांनी एकदाच लावून पाहिलं. त्यातून आलेला आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात टाकलं.

डिस्कची दुसरी प्रत करू, असं मर्विन, त्यांचा धाकटा मुलगा, कितीदा तरी म्हणाला होता. थॉमसनी ऐकलं नाही. आपला आवाज ह्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरावा, सकाळच्या गुलाबांच्या फुलांबरोबर ग्रुपवर यावा, हे त्यांना नको होतं. माणूस हट्टी, आणि मुका झाल्यावर तर त्याच्याशी वाद घालायचीही सोय राहिली नव्हती.

घात झाला तो मर्विनच्याच हातून. त्याचं लग्न रविवारी होतं. लग्नाआधी किल्ल्यात जाऊन व्हिडिओ काढायची आता टूमच आहे, तसा त्यानेही काढला. तो उतरवून घ्यायला व्हिडिओवाल्याकडे डिस्क नव्हती, म्हणून मर्विनने घरातली उचलून दिली. व्हिडिओवाल्याच्या लॅपटॉपला थॉमसच्या लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टिमवरची डिस्क वाचता येईना. वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असं त्याने विचारलं. मर्विन होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत होता. त्याने नीट न ऐकताच 'हो' म्हटलं.

घरात कळलं तेव्हा थॉमस रागावले नाहीत. रागवायलाही आवाज लागतो. ते उठून विहिरीकडे गेले आणि दिवेलागणीपर्यंत काठावर बसून राहिले. मर्विनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बहिणीला फोन केला, आणि क्रिस्टीनाने कामणच्या गोदामातल्या ऑफिसातून रजा टाकून डिस्क इथे आणली.

सगळ्यात जास्त गरज होती ती एकाच फाइलची. त्यांच्या आळीत रीत होती, की लग्नाला चर्चला निघण्याआधी मुलाने किंवा मुलीने ओट्यावर चटईवर गुडघे टेकायचे आणि घरातल्या कर्त्याने डोक्यावर हात ठेवून निरोपाचा आशीर्वाद द्यायचा. शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे, घरच्या बोलीतले, सगळ्यांना पाठ. पण ते म्हणावेत थॉमसनीच. नात्यातल्या निम्म्या लग्नांत त्यांनीच म्हटले होते. मर्विनचं लग्न ठरलं तेव्हा थॉमसनी त्याला लॅपटॉपसमोर बसवून त्याच्या फोल्डरातली एक फाइल बोटाने दाखवली होती. ऐकवली नव्हती. त्या दिवशीच ऐक, अशी खूण केली होती.

उन्नतीने दुसरी पट्टी उघडली. त्यात केळीच्या बुंध्याला माती कधी लावायची ते होतं, आणि सुकेळी वाळवताना काय चुकतं ते. हे वाडीचं, क्रिस्टीना म्हणाली. चर्चचं कुठे आहे, म्हणून तिने विचारलं, तेव्हा उन्नतीने खुर्ची जरा मागे घेतली.

"चर्चचं गेलं, मॅडम. तो फोल्डर त्यांनी सगळ्यात आधी केला असणार. तो पुढे होता आणि व्हिडिओ बरोबर त्याच्यावर येऊन बसला."

इतक्या वर्षांची वाचनं गेली होती, आणि ते घरी सांगायचं काम क्रिस्टीनाकडे आलं होतं. बाकीचं कसं राहिलं मग, असं तिने विचारलं.

उन्नतीने समजावून सांगितलं. ती समजावायची छान, उगाच इंग्रजी फेकायची नाही. बाहेरचा मोठा फोल्डर नवा केला, की सिस्टिम असं धरून चालते की ह्याचा इतरांशी फारसा संबंध नाही आणि ह्याला पुढे वाढायला जागा लागेल. म्हणून त्याला ती इतरांपासून लांब, मोकळी जागा बघून देते. आणि मग त्या फोल्डरात जे जे काही येईल, ते होता होईल तो त्याच्या आसपासच ठेवते. पुसला गेला तो डिस्कचा पुढचा भाग. फोल्डरांची नावं तिथे होती, ती गेली. लांब बसवलेले फोल्डर मात्र आपापल्या जागी धडधाकट होते.

"नावं नसली तरी शेजार कळतो," उन्नती म्हणाली. "जे जवळजवळ आहे ते एकाच घरचं."

तिसऱ्या पट्टीतली पहिली फाइल लागली. पंख्याची घरघर. थॉमसनी घसा खाकरला. मग बराच वेळ नुसता पंखा, आणि फाइल संपली. दुसरीतही तसंच. तिसरीत खुर्ची करकरली, कुणीतरी खोल श्वास घेतला, आणि बंद. उन्नतीला वाटलं, फाइल नीट निघाल्या नसाव्यात. तिने तपासून पाहिलं. फाइल चांगल्या होत्या, त्यांत बोलणंच नव्हतं.

"हा कुणाचा असेल?" तिने विचारलं.

क्रिस्टीनाने पुढची लावायला सांगितली. पुढचीत थॉमस म्हणाले, "क्रिस्टी..." आणि पुन्हा पंखा.

हेडफोन कानावर तसेच ठेवून क्रिस्टीना खिडकीकडे बघत बसली. अठराव्या वर्षी ती कॉन्व्हेंटमध्ये गेली होती, सिस्टर व्हायला. थॉमसना आभाळ ठेंगणं झालं होतं. तिच्या व्रतांची तारीख त्यांनी स्वतः चर्चमध्ये जाहीर केली, दारात मांडव सांगितला, नातेवाइकांना आमंत्रणं गेली. आणि ती व्रतं घेण्याआधी परत आली. का आली ते तिने सांगायचा प्रयत्न केला, पण थॉमसनी विचारलंच नाही. त्यांनी अबोला धरला. जेवायला बस म्हणायचं तरी फ्लॉसीबाईंच्या मार्फत. ती वसई रोडला भाड्याने राहू लागली, रविवारी मिस्सेनंतर घरी येऊन जेवून जाऊ लागली. पुढे ऑपरेशन झालं आणि अबोला तसाच कायम राहिला. आधी त्यांना तिच्याशी बोलायचं नव्हतं आणि नंतर बोलता येईना. ह्यातलं एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे तिला कधी कळलं नव्हतं. तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढायचं नाही, हे मात्र न बोलता ठरून गेलं होतं.

"माझा आहे," ती म्हणाली.

उन्नतीने त्या पट्टीला तिचं नाव दिलं आणि उरलेल्या पट्टीकडे, म्हणजे मर्विनच्या फोल्डराकडे वळली. तिथली फाइलींची यादी शाबूत होती. त्यात 'आशीर्वाद' नावाची फाइल दिसत होती. क्रिस्टीनाचा जीव भांड्यात पडला. उन्नती मात्र पडद्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती. तिने काहीतरी उघडलं, आकडे ताडून पाहिले, परत बंद केलं.

"ह्याचं नाव इथे आहे, पण फाइल इथे नाही."

गेली की काय, असं क्रिस्टीनाने विचारलं. गेलेली नाही, उन्नती घाईने म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. फाइल क्रिस्टीनाच्या पट्टीत होती, त्या पंख्याच्या आवाजांच्या मधोमध.

"म्हणजे मर्विनच्यातून कॉपी केली?"

"कॉपी केली असती तर दोन झाल्या असत्या. ही एकच आहे. आधी तुमच्या फोल्डरात बनली, नंतर हलवली. हलवलं ना, की फक्त नाव इकडचं तिकडे जातं. फाइल पहिल्यांदा जिथे बसली तिथेच राहते." तारीख बघून तिने सांगितलं की रेकॉर्डिंग तुमच्या बाकीच्या फाइलींबरोबरचंच आहे, ऑपरेशनच्या आधीचं. हलवलं ते अलीकडे.

अलीकडे म्हणजे मर्विनचं लग्न ठरल्यावर. ते क्रिस्टीनाला कुणी सांगायला नको होतं.

तिने फाइल लावली. पंखा होताच, पण ह्या वेळी थॉमस अडखळले नाहीत. लेकरा, तू ज्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकशील तो तुझाच राहील, अशी सुरुवात करून त्यांनी सबंध आशीर्वाद म्हटला. मुलाला म्हणावा तसाच मुलीलाही म्हणतात, त्यात कुणाचं नाव येत नाही. शेवटचे शब्द म्हणताना त्यांचा आवाज जरा घोगरा झाला, तो आजाराने की कशाने ते कळायला मार्ग नव्हता. मुलीशी बोलायला त्यांना स्वतःचे शब्द सापडले नव्हते. किती वेळा बसले आणि उठले. शेवटी वाडवडिलांचे शब्द होते ते त्यांनी तिच्यासाठी म्हणून ठेवले, कधीतरी तिला लागतील म्हणून.

क्रिस्टीना रडली. उन्नतीने पाण्याची बाटली पुढे केली आणि उगाच दुसऱ्या टेबलावरच्या वायरी आवरायला गेली. क्रिस्टीनाला आधी फार बरं वाटलं होतं. बापाने परत आलेल्या मुलीला मनातून घरात घेतलं होतं, हे आज एका परक्या बाईच्या पडद्यावर तिला कळलं होतं. मागोमाग दुसरं मनात आलं आणि ते बोचलं. तिच्यासाठी ठेवलेलं त्यांनी उचलून भावाला दिलं होतं. हिला आता कुठलं लागतंय, असंच म्हटलं असणार. तिचं वय काही कमी नव्हतं, आणि मर्विनचं लग्न तर दारात उभं होतं. त्यांच्या जागी तिनेही हेच केलं असतं कदाचित. तरी बोचलं.

उन्नती परत येऊन बसली. नव्या डिस्कवर सगळं होतं तसं लावून देते, म्हणाली, आशीर्वाद मर्विनच्या फोल्डरात.

"दोन्हीकडे ठेवता येईल?" क्रिस्टीनाने विचारलं.

"कॉपी करून?"

"नाही. पप्पांना कॉपी आवडत नाही."

उन्नती पहिल्यांदाच हसली. येतं करता, म्हणाली. एकाच फाइलीला दोन फोल्डरांतून नावं देता येतात. डिस्कवर ती एकदाच असते, पण दोन्हीकडून उघडते. त्यातलं खरं नाव कुठलं, असं काही नसतं. एक काढून टाकलं तरी दुसरं असेपर्यंत फाइलीला धक्का लागत नाही.

"मग तसं करा," क्रिस्टीना म्हणाली.

शनिवारी दुपारी ती डिस्क घेऊन वटारला गेली. दारात मांडव पडला होता, आळीतल्या बायका मागच्या अंगणात बसून लसूण सोलत होत्या. मर्विनने तिला बघून हात जोडले, आणि मिळालं अशी तिने मान हलवल्यावर तो मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसला. फ्लॉसीबाई आतून धावत आल्या. त्यांना क्रिस्टीनाने चहाची वाक्यं ऐकवली, त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि हा माणूस जन्मभर एवढंच विचारत आला, असं म्हणाल्या. चर्चची वाचनं गेल्याचं क्रिस्टीनाने थॉमसना त्यांच्याजवळ बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गळ्यातल्या श्वासाच्या छिद्रावर बांधलेला पांढरा रुमाल नीट केला आणि डिस्कसाठी हात पुढे केला.

ते मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. क्रिस्टीना दारात उभी राहिली. त्यांनी मर्विनचा फोल्डर उघडला, आशीर्वाद आहे हे पाहिलं. फ्लॉसीबाईंचा उघडला, वाडीचा उघडला. मग तिचा उघडला. तिथे त्यांचा हात थांबला. हलवलेली फाइल आपोआप दोन ठिकाणी येत नाही, हे ज्या माणसाने ती स्वतः हलवली त्याला चांगलंच ठाऊक होतं. क्रिस्टीनाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ते वळतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते वळले नाहीत. अंगणातून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

रविवारी सकाळी सगळी आळी ओट्यासमोर जमली. बँडवाले रस्त्यावर तयार उभे होते. स्टुलावर थॉमसचा लॅपटॉप ठेवला होता आणि त्याला मांडववाल्याचा मोठा स्पीकर जोडला होता. फाइल लावायचं काम क्रिस्टीनाचं. मर्विन कोट सांभाळत चटईवर गुडघे टेकून बसला, थॉमस त्याच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि गर्दी आपोआप शांत झाली. बऱ्याच जणांनी तो आवाज ऑपरेशननंतर ऐकलाच नव्हता. थॉमसची थोरली बहीण बर्था काठी टेकत अगदी पुढे येऊन थांबली.

क्रिस्टीनाने मर्विनचा फोल्डर उघडला. त्यात आशीर्वाद नव्हता.

तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं, ते एकच नाव नव्हतं. मर्विन डोकं खाली घालून वाट बघत होता. तिने वर पाहिलं, तर थॉमस तिच्याचकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. तेव्हा ते नाव कुणी काढलं ते तिला समजलं. स्वतःचा फोल्डर उघडून बघायची तिला गरज उरली नाही.

थॉमसनी हात लांब करून लॅपटॉप हलकेच मिटला. मर्विनने घाबरून मान वर केली. काय झालं, लागत नाही का, असं तो विचारणार, तोच थॉमसनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुन्हा खाली दाबलं. मग त्यांचे ओठ हलू लागले.

आवाज नव्हता. रुमालाखालून फक्त हवा येत जात होती. लोक गोंधळले, मागे कुणीतरी कुजबुजलं. थॉमस थांबले नाहीत. एकेक शब्द सुटा सुटा, चर्चमध्ये वाचायचे तसाच, ते म्हणत राहिले. आधी बर्थाला कळलं. तिचेही ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले. मग फ्लॉसीबाईंचे, मग शेजारच्या म्हाताऱ्यांचे. शब्द सगळ्यांना पाठ होते. पण मोठ्याने कुणीच म्हटले नाहीत. साऱ्या गावाने ज्याचा आवाज ऐकला त्या माणसाला त्याच्या मुलाच्या लग्नात सगळ्यांनी असं मुक्याने बोलू दिलं. मर्विनचे खांदे हलत होते.

क्रिस्टीना मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून उभी होती. शेवटच्या ओळीला थॉमस आले, तेव्हा त्यांनी मुलाच्या कपाळावर क्रूस काढला आणि मान वर केली. ओठ मिटले.

"आमेन," आधी तीच म्हणाली. मग सगळा मांडव म्हणाला.